एक सूत आत

आमचे घरमालक माणसाच्या तोंडाकडे शेवटी बघायचे, आधी पायांकडे. दारात कोणी आलं की नजर खाली. पावलं आत पडतात की बाहेर, चप्पल कोणत्या कडेनं झिजली, हे सगळं निरखून झालं की मग मान वर करून "काय काम काढलं?" म्हणायचे. लग्न होऊन मी मंगरूळपीरला त्यांच्या घरात भाड्यानं राहायला गेले, तेव्हा नवी नवरी, डोक्यावर पदर, उंबऱ्याशी उभी. आणि हा गृहस्थ माझ्या पावलांवर डोळे रोवून बसलेला. मला तर घामच फुटला. शेवटी म्हणाले, "सूनबाई, तुमचा उजवा पाय भाएर पडून राह्यला. जपजा."

झालं! त्या दिवसापासून मी पाय बघून टाकायला लागले. आणि बघून पाय टाकणारा माणूस पडतोच. मीही पडले, आडावर, भरल्या घागरीसकट. घागरीला पोचा आला आणि माझ्या गुडघ्याचं साल निघालं. ते ओसरीवरून बघत होते. हसले नाहीत, उठलेही नाहीत. नुसते पांढरेफटक पडले. मला वाटलं, पडले मी, आणि ह्यांना काय झालं?

तालुक्याच्या गावात त्यांना सगळे पाठीमागे 'ओळंबा' म्हणत. नोकरी मोजणीदाराची, आता निवृत्त. हयात दुसऱ्यांच्या शेतांच्या हद्दी मोजण्यात गेली होती. भिंत सरळ आहे का ते बघायला गवंडी दोरीला बांधलेलं वजन सोडतात ना, तो ओळंबा त्यांच्या कोटाच्या खिशात कायम असायचा. आम्ही त्यांना काका म्हणायचो, त्यांच्या बायकोला काकू. काका उंच, हडकुळे, हनुवटीवर पांढरे खुंट. काकू ठेंगण्या, आणि बोलणं इतकं कमी की पहिले काही महिने मला वाटायचं यांना माझा राग आहे. राग वगैरे काही नव्हता. त्या कोणाशीच बोलत नसत.

आणि अंगणात टिनाच्या छपराखाली ती मोटार. काळी, लांब नाकाची, पुढं दोन मोठे दिवे. लढाईच्या आधीची. कापसातून सरकी काढायच्या रेच्याच्या कारखान्याचा कोणी गोरा मॅनेजर देश सोडून जाताना विकून गेला, ती काकांनी घेतलेली. आमच्या खोलीची खिडकी नेमकी तिच्या समोर. सकाळी खिडकी उघडली की ते दोन दिवे माझ्याकडे बघत असायचे. मी खिडकीला जुनं लुगडं लावून टाकलं.

मोटार अंगणाबाहेर कधीच जात नसे. पण रोज सकाळी तिचं माप व्हायचं. आंघोळ झाली की काका खडू आणि मोजणीची फीत घेऊन निघायचे आणि हाक मारायचे, "चाला साहेब!" साहेब म्हणजे आमचे हे, कचेरीतले कारकून, भाडेकरू असल्यामुळं फितीचं दुसरं टोक धरायला बांधलेले. पुढच्या दोन्ही चाकांच्या मागच्या अंगाला, आसाच्या उंचीवर, खडूची खूण करायची. एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत फीत धरायची. मग दोघांनी मोटार अर्धं चाक पुढं ढकलायची, म्हणजे त्याच खुणा फिरून पुढच्या अंगाला येतात. पुन्हा फीत. पुढचं माप मागच्यापेक्षा एक सूत कमी भरलं पाहिजे. सूत म्हणजे सुताराचं माप, इंचाचा आठवा हिस्सा. म्हणजे चाकं पुढून एकमेकांकडे किंचित वळलेली हवीत. शिवाय ओळंबा सोडून बघायचं, चाकं वरून जराशी बाहेर झुकलेली आहेत ना. जुन्या मोटारींचं तसंच असतं म्हणे. मापात फरक निघाला की काका मोटारीखाली आडवे होऊन पान्यानं दांडी फिरवत बसायचे, आणि आमचे हे कचेरीला उशीर होतो म्हणून हात चोळत उभे.

माप जमलं की काका ओरडायचे, "एक सूत आत!" मग इंजिन चालू करून कान देऊन ऐकायचं, बंद करायचं, आणि मोटार अर्धं चाक मागं ढकलून पुन्हा जागेवर. संपला प्रवास.

"आजची फेरी झाली का हो?" मी ह्यांना विचारायची.

"झाली. अर्धं चाक जाऊन आलो," हे म्हणायचे.

आम्ही हसायचो खरं. पण काका "एक सूत आत" म्हणून ओरडले की काकू स्वयंपाकघरात हातातलं काम टाकून चुलीत फुंकर मारत बसायच्या. चूल पेटलेली असली तरी. ते मला दिसायचं, आणि माझं हसू जागच्या जागी विरायचं.

हे सगळं कशासाठी, ते शेजारच्या शिंपीचाचांनी सांगितलं. चाचांचं दुकान काकांच्या भिंतीला लागून होतं, माझी चोळी शिवायला गेले तेव्हा मशीन थांबवून हळूच म्हणाले, "बेटी, उस मोटर में इनकी लडकी गयी." एकुलती एक मुलगी. दिवाळीचं माहेरपण करून सासरी निघालेली, काका पोचवायला चाललेले. किन्हीराजाच्या अलीकडच्या उतारावर मोटार रस्ता सोडून नाल्यात गेली. काकांचं मनगट मोडलं, बाकी खरचटलंही नाही. मुलगी जागीच गेली. कोणी म्हणालं बैल आडवा आला, कोणी म्हणालं ब्रेक गेला. काकांना विचारायची कोणाची छाती नव्हती. मोटार बैलांनी ओढून आणली, अकोल्याच्या मिस्त्रीकडून दुरुस्त करून घेतली, आणि तेव्हापासून हे मोजणं सुरू झालं.

ऐकल्यापासून माझी झोपच उडाली. माझ्या खिडकीसमोर, दहा पावलांवर ती मोटार, आणि तिच्यात एक पोरगी मेलेली! मी ह्यांना म्हटलं, खोली बदला. हे म्हणाले, "एवढ्या भाड्यात दुसरी कुठं मिळते?" झालं, विषय मिटला.

काकांची भीती संसर्गजन्य होती, खरंच सांगते. दसऱ्याला गावात ज्याच्या त्याच्या गाडीला हार, चाकाखाली लिंबं. मी हौसेनं मोटारीच्या पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवायला गेले, तर काका धावत आले आणि माझ्या हातातलं लिंबू हिसकून भिंतीपलीकडे फेकलं. "चाक चढते ना त्याच्यावर! हलते ना थे!" लिंबावर चढून मोटारीचं चाक हलतं! मी रडकुंडीला आले. भिंतीपलीकडून चाचांचा आवाज आला, "काका, और एक फेंको, शरबत बनाता हूँ."

बाजारात ते बैलगाड्यांच्या मागं मागं चालत, चाक डुगडुगतं का बघत. गाडीवान वैतागायचे. एकानं विचारलंही, "माह्या मांगं मांगं कायले येऊन राह्यले बाप्पा? मी काही चोरलं काय तुमचं?" काका शांतपणे म्हणाले, "तू पडशीन म्हून." पडशील म्हणून! गाडीवानानं आसुडच उगारला. पण मी पाहिलं, पुढच्या वळणावर तो स्वतःच खाली उतरला आणि वाकून चाक बघून आला.

आता माझी गोष्ट. मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. माझं माहेर अनसिंग. आठवा सरल्यावर बाबा मला न्यायला आले. बसमध्ये पुढची जागा धरली, ट्रंक टपावर चढली. काका पोचवायला आले होते. आणि बस सुटायच्या वेळी हा माणूस बसच्या समोर उकिडवा बसला, एक डोळा मिटून चाकं बघत.

डायव्हरनं भोंगा दिला. काका हलले नाहीत.

"याचं डावं चाक भाएर पाहून राह्यलं," ते खिडकीशी येऊन बाबांना म्हणाले. "माही पोरगी असती तं मी बसवली नसती."

एवढंच म्हणाले. पण 'माही पोरगी' हे शब्द मुलगी गेल्यापासून त्यांच्या तोंडून कोणी ऐकले नव्हते. बसमधले दोघे-तिघे गुपचूप उतरले. डायव्हर खाली उडी मारून आला, "ओ ओळंबा, धंदा खराब मत करो!" म्हणून त्यांच्या अंगावर धावला. माझे बाबा मुळात भित्रे. मला हात धरून उतरवलं, ट्रंक उतरवली, म्हणाले, "पोरी, मी घरून दमणी घेऊन येतो. हळूहळू बैलगाडीनं जाऊ." आणि गंमत बघा, स्वतः त्याच बसमध्ये बसून निघून गेले! सुखरूप पोचलेही. दुसऱ्या दिवशी तीच बस परत आली तेव्हा मी काकांना मुद्दाम म्हटलं, "काका, पोचली की हो बस."

"पोचली म्हंजे नीट होती असं नाही," काका म्हणाले.

मला इतका राग आला की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पण बाबांची दमणी यायच्या आतच माझं पोट दुखायला लागलं. सकाळची वेळ. हे तहसीलदारसाहेबांबरोबर खेड्यांच्या दौऱ्यावर गेलेले. काकूंनी दाईला बोलावलं. दाईनं पोट चाचपलं, पुन्हा चाचपलं, आणि तिचा चेहराच बदलला. काकूंना बाजूला घेऊन बोलली, पण मला ऐकू आलं. "मूल आडवं हाये. माह्यानं नाही होत. वाशीमले न्या, लवकर. नाही तं दोघंबी जातीन."

सकाळची बस निघून गेली होती. दुसरी संध्याकाळी. बैलगाडीनं वाशीम म्हणजे दिवस मावळणार. अंगणात मोटार उभी होती.

मी खाटेवर पडून लुगडं लावलेल्या खिडकीकडे बघत होते. देवा, त्या मोटारीत नको. मरायचंच असेल तर इथं मरू दे. काकू बाहेर गेल्या. काकांशी काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. काकांचा आवाज मात्र आला. "नाही. नाही होत माह्यानं." मग पुन्हा काकांचा आवाज, बारीक, चिरका: "आधी मोजू तं द्या!"

मी आत कळा सोसतेय आणि हा माणूस बाहेर चाकं मोजतोय! फितीचं दुसरं टोक धरायला चाचांना बोलावलं होतं. चाचा ओरडत होते, "काका, बच्ची अंदर मर रही है, और आप फीता लेके बैठे!" आणि काकांचं एकच, "धरा, चाचा, धरा. खालवर नोका होऊ देऊ." त्या वेळी मी त्यांना ज्या शिव्या दिल्या त्या माझ्या आईनं ऐकल्या असत्या तर तिनं मला घराबाहेर काढलं असतं. सगळ्या मनातच दिल्या. आवाज निघत नव्हता.

"एक सूत आत!"

मला गोधडीत गुंडाळून मागच्या सीटवर ठेवलं. दाई म्हणाली, मी नाही येत, माझा काय उपयोग. आणि मग काकू आत चढल्या, माझं डोकं मांडीवर घेतलं. मुलगी गेल्यापासून त्या मोटारीला त्यांनी बोटसुद्धा लावलं नव्हतं. मोटार अंगणाबाहेर निघाली तेव्हा गल्लीतली माणसं दारादारांत उभी राहिली. मयताला उभी राहतात तशी उभी होती, आणि मला वाटलं, हे सगळे मला शेवटचं बघून घेतायत.

काका गाडी चालवत होते कशी? तर रस्त्याकडे बघतच नव्हते. मान बाहेर काढून पुढच्या चाकाकडे बघत होते. मी काकूंना म्हटलं, "काकू, त्यांना समोर बघायला सांगा हो!" काकूंनी नुसता माझ्या कपाळावरचा घाम पुसला. दोन्ही बाजूंनी उभी ज्वारी. रस्ता कसला, बैलगाड्यांनी कोरलेल्या चाकोऱ्या, वाळून दगड झालेल्या. मोटार चाकोरीत शिरली की हिसका, बाहेर निघाली की हिसका. प्रत्येक हिसक्याला मी ओरडत होते, आणि मी ओरडले की काकांचा हात चाळवायचा. कोण कोणाला घाबरवत होतं कोण जाणे.

पुढं उतार लागला. उताराच्या तोंडाशीच एका चाकोरीत पुढचं चाक धाडकन आदळलं आणि काकांच्या हातातलं स्टेअरिंग थडथडायला लागलं. मी पाहिलं, ते चक्र हातात जिवंत असल्यासारखं उड्या मारत होतं. काकांच्या तोंडून एक आवाज निघाला. माणसाचा नव्हता तो. त्यांनी ब्रेक दाबला, मोटार थांबली, धूळ पुढं निघून गेली.

काका उतरले. फीत काढली. खडू काढला. खुणा केल्या. आणि फीत हातात धरून चाकापाशी उभे राहिले. दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं. रस्त्यावर मागं पुढं माणूस नाही, गाडी नाही. ते काकूंकडे बघायचे, मान फिरवायचे. पुन्हा बघायचे. मला कळ आली, मी किंचाळले, आणि काका जागचे हललेसुद्धा नाहीत. तेव्हा मला कळून चुकलं, हा माणूस आता इथून पुढं जाणार नाही, आणि मागंही नाही. मी इथंच मरणार, ज्वारीच्या कडेला. माझ्या आयुष्यात तेवढी भीती मला नंतर कधीही वाटली नाही. सासू गेली, हे गेले, तेव्हाही नाही.

काकूंनी माझं डोकं हळूच खाली ठेवलं. उतरल्या. काकांच्या हातातलं फितीचं टोक घेतलं आणि दुसऱ्या चाकापाशी जाऊन खाली बसल्या.

"मी धरतो. तुमी वाचा," म्हणाल्या. आमच्याकडे बायाही 'धरतो' म्हणतात.

काकांनी वाचलं. मग दोघांनी मिळून मोटार ढकलली. उतारच होता, मी आत असूनही अर्धं चाक सहज सरकली. पुन्हा काकूंनी टोक धरलं. काकांनी वाकून वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

"दोन सूत," ते म्हणाले. "एक पाह्यजे. दोन हाये. दांडी वाकली. नाही जमत. नाही नेत मी पोरीले."

"आत हाये का भाएर?" काकूंनी विचारलं.

"आत."

"आत हाये ना? मंग चाला."

"पण दोन..."

काकू उठल्या. गुडघ्यांची धूळ झटकली. आणि या बाईचा इतका मोठा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "त्या दिवशीबी दुसरं टोक माह्याच हातात होतं! तुमी एकटे नोहते! समजलं? बसा गाडीत, नाही तं हेबी पोरगी जाते!"

काकांनी फीत गुंडाळली, खिशात घातली, आणि बसले. वाशीमपर्यंत त्यांनी एकदाही चाकाकडे पाहिलं नाही. काकू मागून माझं डोकं धरून सारखं म्हणत होत्या, "समोर पाहा. समोर पाहा." त्यांना म्हणत होत्या की मला, ठाऊक नाही. मीही समोर बघत राहिले.

मूल फिरवून डॉक्टरीणबाईंनी सोडवणूक केली. मुलगी झाली, काळीनिळी, रडायलाही तिनं वेळ घेतला. पण रडली.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी काकूंनी सांगितलं. एवढ्या वर्षांचं साचलेलं, तरी चार-पाच वाक्यांतच सांगितलं. मुलीला पोचवायला जायच्या आदल्या दिवशी काकांनी मोटारीचं इंग्रजी पुस्तक उघडलं होतं. त्यात चाकांच्या पुढच्या मागच्या मापात एवढा फरक, म्हणून आकडा दिलेला. मोजणीदार माणूस! जमीन मोजताना थोडीफार चूक माफ असते आणि किती माफ ते आकड्यात लिहिलेलं असतं. काकांना वाटलं, हे तेच. कंपनी म्हणते इतकी चूक चालेल. आणि आपण आयुष्यात माफीतली चूकसुद्धा राहू दिली नाही, हा त्यांचा अभिमान. त्यांनी लोहार बोलावला, ओळंबा लावून चाकं उभी सरळ करून घेतली, आणि फितीनं पुढचं माप आणि मागचं माप बरोब्बर एक केलं. फितीचं दुसरं टोक काकूंच्या हातात होतं. "कशी सरळ आली पाहा," असं त्यांना म्हणाले होते. मोटार गावातून नीट निघाली. उतारावर चाकं डगमगायला लागली ती थांबलीच नाहीत. तो फरक म्हणजे चूक नव्हती, चाकांना तसंच हवं होतं, हे काकांना अकोल्याच्या मिस्त्रीकडून कळलं, मुलीचं तेरावं झाल्यावर.

"तवापासून मले फीत धरू नाही देल्ली त्यायनं," काकू म्हणाल्या. "मले वाटे, मले दोष देऊन राह्यले. अन् त्यायले वाटे, मी त्यायले देऊन राह्यलो."

मी त्यांचा हात धरून रडले. मग त्याही रडल्या. नर्स येऊन रागावली, की बाळंतिणीनं रडू नये.

अनसिंगला बाळंतपण आवरून मी तान्हीला घेऊन मंगरूळपीरला परत आले. दमणीनं आले, सांगायला नकोच. दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारीचं माप सुरू झालं, पण आमच्या ह्यांना हाक आली नाही. मी लुगडं बाजूला करून पाहिलं, तर एका चाकाशी काका, दुसऱ्याशी काकू. पदर खोचून फितीचं टोक धरून बसलेल्या. "खाली घ्या जरा," काका म्हणत होते. "खालीच हाये. तुमीच वर धरलं," काकू म्हणत होत्या. ते लुगडं मी नंतर धुऊन नेसायला काढलं.

तीच दाई तान्हीला मालिश करायला यायची. पायांवर घेऊन तेल चोळायची, नाक चिमटीत धरून वर काढायची, डोकं गोल करायची. एक दिवस म्हणाली, "बाई, पोट्टीचा डावा पाय आत वळते. हाड कवळं हाये तवरक ओढून सरळ करा लागते." आणि पंजा मुठीत धरून ओढायला लागली. पोर जी किंचाळली!

"ओढू नको!"

काका दारात. हाताला काळं ग्रीस. बाळंतिणीच्या खोलीत पुरुष येत नाही, पण ते आत आले आणि दाईसमोर मटकन बसले. दाई इतकी घाबरली की पोर तिच्या हातून निसटता निसटता राहिली. काका बाळाच्या पायाकडे बघत होते. हात पुढं यायचा, ग्रीस दिसलं की मागं जायचा.

"भाएर तं नाही पडत?" त्यांनी मला विचारलं.

"नाही काका. आत."

"आत हाये ना? मंग असू द्या. कोणाले सरळ करू देऊ नोका, सूनबाई. कोणालेच." आणि तिथंच बसून, दाईसमोर, हा माणूस मुलीचं नाव घेऊन रडला. माझ्या मुलीचं नाही. त्यांच्या. काकू दारात आल्या, खांद्याला धरून त्यांना उठवलं आणि घेऊन गेल्या.

आज दोघंही नाहीत. मोटारीचं काय झालं तेही मला ठाऊक नाही. मी मात्र अजून कोणत्याही गाडीत बसायच्या आधी खाली वाकून पुढची चाकं बघते, आणि नातवंडं हसतात.

माझ्या मुलीचा डावा पाय आतच पडत राहिला. ती लग्नाची झाली तेव्हा बघायला मंडळी आली, मुलगी चहा देऊन गेली. मुलाची आत्या बारीक नजरेची. म्हणाली, "मुलीचा पाय जरा आत पडतो का हो?" ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हो," मी म्हटलं. "आत पडतो. आम्ही तसाच ठेवलाय."